हाकेला ओ

स्मरणिकेच्या संपादकांचा फोन दरवर्षी ठरल्या वेळी येतो. या वर्षी त्यांनी आधीच बजावलं, "लेख हवाच, पण कॉम्प्युटरवर नको. लोक पान उलटतात." मी होकार दिला आणि शेवटी लिहायला बसलो ते कॉम्प्युटरवरच! माझ्या बाजूने एवढंच सांगतो, की हा लेख इतिहासाचा आहे. त्यातला बराचसा इतिहास आपल्या मेरीलँडमध्ये, मुलांना सॉकरला सोडताना आपण ज्या रस्त्यांवरून जातो त्यांच्या आसपास घडलेला आहे. तेव्हा मंडळी, पान उलटण्यापूर्वी थोडा धीर धरा.

गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. नावनोंदणीच्या टेबलावर मंडळाचा जुना कॉम्प्युटर होता, लिनक्सवर चालणारा. बाहेर रांग लागलेली आणि कॉम्प्युटर काही नेटवर्कला जोडला जाईना. आपल्या उत्साही तरुण स्वयंसेवकांनी तो तीनदा बंद करून चालू केला. चौथ्यांदा बटणाकडे हात गेला तेव्हा मी म्हटलं, "अरे थांबा. आधी मागच्या बाजूला कार्डावरचा दिवा लागलाय का ते बघा." दिवा विझलेला होता. केबलच्या टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली होती, त्यामुळे ती अर्धवट बाहेर आली होती. केबल बदलली, हिरवा दिवा लागला, रांग पुढे सरकली.

त्यातल्या एका मुलीने विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?" मोदकांच्या घाईत मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर म्हणजे हा लेख.

नेटवर्क कार्ड चालत नसेल तर युनिक्स किंवा लिनक्सवर काम करणारी माणसं खालून वर जातात. पहिली पायरी, दिवा लागलाय का? दुसरी, कार्ड आहे हे यंत्रणेला कळलंय का? तिसरी, कार्डाला पत्ता दिलाय का? चौथी, शेजाऱ्याला हाक मारली तर ओ येते का? पाचवी, लांबच्याकडून ओ येते का? मी हे बाराखडीसारखं पाठ केलं होतं. यातल्या एकेका पायरीमागे कोणाची तरी अडचण उभी आहे, हे मात्र मला फार उशिरा कळलं. आणि कळलं तेही स्वतः पुरता अडकलो तेव्हा.

बेटांवरची गोष्ट

सुरुवात हवाईत होते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. या जाळ्याचं नाव अलोहानेट. सगळ्यांना बोलायला रेडिओची एकच वाट. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जायचं. त्यावर उपाय साधा होता. पोच आली नाही तर थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. किती थांबायचं हे मात्र प्रत्येकाने आपापलं, चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवायचं, म्हणजे पुन्हा एकदम तोंड उघडलं जात नाही.

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी हाच विचार पुढे नेला. २२ मे १९७३ रोजी त्यांनी एक टिपण लिहिलं आणि त्यात 'इथर' हा शब्द वापरला. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं. त्यांची भर अशी, की बोलण्याआधी ऐकायचं, आणि बोलतानाही ऐकत राहायचं. दुसऱ्याचा आवाज मध्ये आला तर गप्प व्हायचं आणि थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मर्यादा दुप्पट करायची. आपल्या कार्यकारिणीच्या सभेत हा नियम लावला तर सभा वेळेवर संपेल, असं मला नेहमी वाटतं.

इथर हे नावही गमतीचं आहे. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं एकेकाळी मानलं जायचं, ते हे सर्वव्यापी द्रव्य. त्याचा मागमूस लागत नाही हे १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगात दिसलं. हे मायकेलसन आपल्या ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकले आणि तिथेच त्यांनी प्रकाशाचा वेग मोजायला सुरुवात केली. म्हणजे इथरला निरोप देणारा माणूसही इकडचाच!

१९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून सेकंदाला एक कोटी बिट वेगाचं इथरनेट सर्वांसाठी जाहीर केलं. सुरुवातीला जाड केबल असायची, मग बारीक केबल आली. कॉम्प्युटर एकाच केबलवर माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले. कुठे एक जोड सैल झाला, की त्या केबलवरचे सगळे गप्प. तेव्हा 'आधी केबल बघा' हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. टेबलांखाली रांगून गुडघे झिजवलेल्या लोकांकडून ते आलेलं आहे.

ग्रीनबेल्टचा कारागीर

दुसरी पायरी म्हणजे कार्डाची ओळख पटणं. त्यासाठी यंत्रणेत त्या कार्डाची भाषा जाणणारा ड्रायव्हर हवा. लिनक्स १९९१ मध्ये फिनलंडमध्ये जन्माला आलं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते खुलं केलं खरं, पण कार्ड बनवणाऱ्या कंपन्या त्यासाठी ड्रायव्हर लिहून देत नव्हत्या. ती उणीव फार मोठ्या प्रमाणात एका माणसाने भरून काढली. त्यांचं नाव डोनाल्ड बेकर. १९९२ पासून त्यांनी एकामागून एक कार्डांचे ड्रायव्हर लिहिले. त्यातला एक होता नॉव्हेल कंपनीच्या एनई-२००० कार्डाचा. या कार्डाच्या स्वस्त नकला इतक्या निघाल्या, की त्या काळी बहुतेकांच्या घरी पहिलं कार्ड त्याच जातीचं असायचं. माझंही होतं.

त्या ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या ओळी वाचून मी चकित झालो होतो. १९९३ सालचा हक्क अमेरिकन सरकारचा, म्हणजे नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या संचालकांचा, आणि तरीही कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा अशी मुभा! आपल्या फोर्ट मीडमधली ही संस्था कशासाठी प्रसिद्ध आहे ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पुढे बेकर ग्रीनबेल्टच्या नासा गॉडार्ड केंद्रात आले. १९९४ मध्ये तिथे टॉमस स्टर्लिंग आणि त्यांनी १६ साध्या कॉम्प्युटरांची मोट बांधली आणि महासंगणकाचं काम स्वस्तात करून दाखवलं. तिचं नाव बेओवुल्फ. तिच्यात यंत्रं एकमेकांशी बोलत होती ती साध्या इथरनेट कार्डांवरूनच.

त्या काळी कार्ड बसवणं म्हणजे व्रतच होतं. कार्डाचा पत्ता आणि त्याचा इंटरप्टचा क्रमांक जुळवावा लागे. इंटरप्ट म्हणजे दारावरची घंटा असं समजा. कार्डाकडे काही आलं, की ते घंटा वाजवतं. माझ्या कार्डाची घंटा ३ क्रमांकाची आणि मोडेम ज्याला जोडलेला होता त्या दुसऱ्या सिरियल पोर्टचीही ३. दोन बिऱ्हाडांना एकच घंटा! मग जंपर नावाची तांदळाच्या दाण्याएवढी टोपी चिमट्याने उचलून दुसरीकडे बसवायची. ड्रायव्हर काही ठरावीक पत्त्यांवर टकटक करून कार्ड शोधत असे, पण चुकीच्या दारावर टकटक झाली तर अख्खा कॉम्प्युटर गोठू शकायचा. म्हणून कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर धावणाऱ्या ओळी नीट वाचायची सवय लागली. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली, की त्या ओळी पुन्हा वाचता येतात. कार्ड सापडलं का, कुठे सापडलं, कोणत्या घंटेवर, सगळं तिथे असतं. कॉम्प्युटर आपलं दुखणं सांगत असतो, आपण ऐकत नाही.

तिसरी पायरी पत्त्याची. त्यासाठीची 'इफकॉन्फिग' ही आज्ञा बर्कलेच्या युनिक्समधून आली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये त्याची ४.२ ही आवृत्ती निघाली, तेव्हापासूनची. त्याच वर्षी १ जानेवारीला अर्पानेटने आजच्या इंटरनेटची बोली स्वीकारली होती. नवी बोली, नवी यंत्रं, तेव्हा अडचणीही नव्या असणार हे ओघानेच आलं.

ॲबर्डीनची एक संध्याकाळ

बाल्टिमोरहून आय-९५ ने उत्तरेकडे निघालं, की ॲबर्डीन लागतं. तिथल्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस काम करत. ते आपल्या जॉन्स हॉपकिन्सचे पदवीधर. डिसेंबर १९८३ मध्ये त्यांच्या नेटवर्कने विचित्र वागायला सुरुवात केली. दोष कुठे आहे ते कळेना. इंटरनेटच्या १९८१ सालच्या नियमांत 'प्रतिध्वनी'ची सोय होतीच. कोणी 'प्रतिध्वनी दे' म्हटलं, की दुसऱ्या यंत्राने आलेलं जसंच्या तसं परत पाठवायचं. त्या सोयीचा वापर करून अंतर आणि वेळ मोजता येतो, हे डेव्ह मिल्स यांच्या बोलण्यात काही महिन्यांपूर्वी आलं होतं. ते मूस यांना आठवलं आणि त्यांनी एका संध्याकाळीत सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहून काढला. पाणबुडीतलं सोनार जसा 'पिंग' असा आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, तसंच हे. म्हणून नाव 'पिंग'.

आपल्याकडे घरात पाऊल टाकताना "अगं, आहेस का घरात?" अशी हाक मारतात आणि आतून "ओ" येते. पिंग म्हणजे नेमकं तेच. ओ आली तर वाट मोकळी आहे. किती वेळात आली यावरून आतलं माणूस ओसरीवर आहे की माडीवर, तेही कळतं.

मूस यांनी पिंगविषयी स्वतः लिहून ठेवलेली एक आठवण मला फार आवडते. एका ठिकाणी नेटवर्क मध्येच जायचं, मध्येच यायचं. तिथल्या माणसाने पिंगला बोलका केला, त्याचा आवाज ऑफिसातल्या मोठ्या स्पीकरला जोडला आणि इमारतभर एकेक जोड हलवत फिरला. दर सेकंदाला "पिंग, पिंग" असा आवाज चालू होता. ज्या जोडाला हात लावल्यावर आवाज थांबला, चोर तोच!

मूस यांनी हा प्रोग्रॅम सर्वांना मोफत दिला. पुढे तो जगभरच्या यंत्रांत गेला. याच कामाने आपलं नाव होणार हे आधी ठाऊक असतं तर आणखी एक-दोन दिवस त्यावर घालवले असते, अशा अर्थाचं त्यांनी गमतीने लिहिलं आहे. २० नोव्हेंबर २००० रोजी मोटार अपघातात ते गेले. वय अवघं ४२.

माझी फजिती

आता माझी गोष्ट. साल १९९९. मी एका संस्थेत कंत्राटावर होतो आणि ग्रीन कार्डाचे कागद नुकतेच पुढे सरकले होते. रोज रात्री सगळ्या माहितीची प्रत एका कॉम्प्युटरवर उतरवायची होती. "लिनक्स वापरू, पैसे वाचतील," असं सुचवणारा शहाणा मीच. कॉम्प्युटर बसवला आणि रात्री संपायला हवं ते काम सकाळी नऊ वाजताही अर्धवट! साहेब म्हणाले, "फुकटची वस्तू अशीच असते." महिन्याअखेरीस कंत्राटाचं नूतनीकरण होतं. रात्री झोप लागेना.

मी पायऱ्या चढलो. दिवा हिरवा. डीमेसेजमध्ये कार्ड सापडलेलं. पत्ता बरोबर. पिंग केलं तर ओ लगेच, एकही हाक वाया नाही. मग चूक कुठे? केबल बदलली, कार्ड बदललं, लिनक्स पुन्हा बसवलं. आठवडा गेला. पिंग येतोय म्हणजे नेटवर्क ठीक, असं मी स्वतःला बजावत राहिलो, आणि तिथेच फसलो.

शेवटी एका रात्री इफकॉन्फिगच्या ओळी शेवटपर्यंत वाचल्या. तोवर मी फक्त पत्त्यावर नजर टाकून पुढे जात होतो. खाली 'कलिजन' असा एक आकडा होता. कलिजन म्हणजे टक्कर, तीच मेटकाफ यांची. आकडा भराभर वाढत होता. पण माझं यंत्र स्विचला जोडलेलं होतं, वाटेवर दुसरं कोणी नव्हतं. टक्कर व्हावी कोणाशी?

इथे थोडा इतिहास पुन्हा लागतो. स्विच बाजारात आणला तो १९९० मध्ये, विनोद भारद्वाज यांच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने. तिचं नाव चक्क 'कल्पना'! स्विचमुळे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र वाट मिळाली. मग दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येऊ लागलं. त्याला फुल डुप्लेक्स म्हणतात. जुनी पद्धत, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, ती हाफ डुप्लेक्स. १९९५ च्या नियमांत दोन्ही यंत्रांनी आपसांत विचारपूस करून पद्धत ठरवायची सोय आली. पण एका बाजूला कोणी हाताने 'फुल' असं पक्कं करून विचारपूस बंद केली, तर? दुसऱ्या बाजूला वेग ओळखता येतो, पद्धत ओळखता येत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे ती जुनी, हाफ पद्धत धरते.

डोनाल्ड बेकर यांनीच लिहिलेला 'एमआयआय-डायग' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं, समोरचा विचारपूस करतच नाही. सकाळी नेटवर्क विभागाला फोन केला. ते म्हणाले, "हो, आम्ही सगळे पोर्ट फुल डुप्लेक्सवर पक्के केलेत." माझ्या कार्डालाही मी तसंच सांगितलं. त्या रात्री काम वेळेत संपलं. कंत्राट वाढलं. ज्यांच्या प्रोग्रॅमने मला तारलं ते माझ्या घरापासून अर्ध्या तासावर काम करत होते, आणि मी त्यांना कधी भेटलो नाही.

आईचा फोन

पिंग का चाललं आणि मोठं काम का अडलं, हे मला उमगलं ते त्याच रविवारी, डोंबिवलीला फोन करताना. तेव्हाची कॉलिंग कार्डं आठवतात ना? आवाज उशिरा पोचायचा. दोघे एकदम बोलायचो, दोघे एकदम थांबायचो. "तू बोल." "नाही, तू बोल." मेटकाफ यांचा नियम आपण सगळ्यांनी कॉलिंग कार्डावर पाळलेला आहे!

पण आईला तेव्हा कमी ऐकू येऊ लागलं होतं. ती न थांबता बोलायची. मी बोलायला लागलो, की तिचा आवाज यायचा आणि मी सवयीने गप्प व्हायचो. तिच्या कानी माझं अर्धंच वाक्य पडायचं. "कशी आहेस?" "बरी आहे," एवढं ठीक व्हायचं, कारण त्यात प्रश्न संपल्यावर उत्तर होतं. लांबलचक काही सांगायला गेलो, की सगळा गोंधळ. पिंग म्हणजे "कशी आहेस, बरी आहे." माझ्या नेटवर्कचं दुखणं आणि आमच्या फोनचं दुखणं एकच होतं. ती न ऐकता बोलणारी, मी सारखा थांबणारा, आणि दोघांपैकी चूक कोणाचीच नाही. फक्त पद्धत आधी ठरवलेली नव्हती.

पुढच्या रविवारी मी भावाला म्हटलं, "तू तिच्याजवळ बस. मी बोलत असलो, की तिच्या हातावर हात ठेव. मग ती थांबेल." ती थांबू लागली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा माझ्या ऑफिसातली सगळी हकीकत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू शकलो. "एवढं सगळं चाललं होतं आणि मला काही बोलला नाहीस?" ती म्हणाली. काय सांगणार?

जाता जाता

आता इफकॉन्फिगच्या जागी बऱ्याच ठिकाणी 'आयपी' ही आज्ञा आली आहे, डुप्लेक्स 'इथटूल'ने बघतात, जंपर तर मुलांना दाखवायलाही उरलेले नाहीत. पायऱ्या मात्र त्याच आहेत. माझ्या यादीत एक सहावी तेवढी वाढली आहे. ओ आली म्हणून थांबू नका, लांबचं बोलणं नीट होतंय का तेही बघा.

आणखी एक योगायोग सांगून थांबतो. १९८९ मध्ये जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून डॉ. श्रीनिवासन रमाणी यांच्या नेतृत्वाखाली देशाबाहेर पहिल्या काही तारांपैकी एक तार जोडली गेली. वेग सेकंदाला ९६०० बिट. तिचं दुसरं टोक होतं शेजारच्या व्हर्जिनियात, पोटोमॅकच्या पलीकडे. मी तेव्हा मुंबईत नोकरी करत होतो आणि मला याचा पत्ताही नव्हता. आपण इथे येण्याआधीच आपली हाक इथवर पोचली होती.

मंडळाच्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या बाजूला मी सहा पायऱ्या मराठीत लिहून कागद चिकटवला आहे. खाली थोडी जागा रिकामी ठेवली आहे. कोणाला सातवी सापडली तर तिथे लिहावी. आणि हो, आधी दिवा बघावा.